फेरेटचा आहार : कोरड्या दाण्याकडून कच्च्या मांसाकडे

फेरेट हा प्राणी भारतीय वाचकांच्या फारसा परिचयाचा नाही. हातभर लांबीचे लवचीक शरीर, आखूड पाय, वाटोळे कान आणि डोळ्यांभोवती मुखवटा चढवल्यासारखा गडद पट्टा असे त्याचे रूप असते. त्याला पाहून मुंगसाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मुंगूस वेगळ्या कुळातले. फेरेटचे खरे भाऊबंद म्हणजे आपल्या नद्यांतील पाणमांजर आणि हिमालयाच्या उतारांवर आढळणारा मार्टेन. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी किंवा त्याहीआधी माणसाळवले आणि त्यातून फेरेट निर्माण झाला. त्याचे इंग्रजी नाव ‘छोटा चोर’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. घरातील किल्ल्या, मोजे आणि मुलांची खेळणी उचलून नेऊन कोपऱ्यात दडवण्याची त्याची सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव पुरेपूर पटते.

माणसाने फेरेट पाळला तो मुख्यतः सशांसाठी. ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रेबो याने लिहून ठेवले आहे, की स्पेनमध्ये सशांचा उपद्रव वाढला तेव्हा आफ्रिकेतून आणलेले अशा जातीचे प्राणी तोंडाला मुसके बांधून बिळांत सोडले जात. ससे घाबरून बाहेर पळत आणि बिळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसांच्या हाती सापडत. पुढे ही विद्या युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत, १३९० च्या सुमारास, वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य गृहस्थाने शिकारी कुत्री वा फेरेट बाळगू नये असा कायदाच करण्यात आला होता. गरिबाच्या घरचा फेरेट जमीनदाराचे ससे पळवतो ही त्यामागची धास्ती उघड आहे.

एवढ्या अस्सल शिकारी प्राण्याला त्याच्या धन्याने मात्र कित्येक वर्षे काय खाऊ घातले? दूध आणि पाव. मांस खाऊ घातल्याने फेरेट हिंस्र होतो आणि मालकाच्या बोटांना चावू लागतो, अशी समजूत ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत रूढ होती. दुधात कुस्करलेल्या पावाने त्याला जुलाब होत, अंगावरची लव निस्तेज होई, पिल्ले खुरटत. तरीही ती समजूत दीर्घकाळ टिकून राहिली. ज्यांनी ससे मारून त्यांचे मांस फेरेटला दिले त्यांची जनावरे सुदृढ राहिली, आणि ती अधिक चावत होती असेही नाही.

विसाव्या शतकात फेरेटच्या आयुष्यात दुसरे स्थित्यंतर घडले. प्रथम तो प्रयोगशाळेत शिरला. १९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या संशोधकांनी मानवी इन्फ्ल्युएंझाचा विषाणू वेगळा केला तो फेरेटच्याच साहाय्याने. माणसाचा फ्लू फेरेटला होतो आणि फेरेटचा माणसाला होतो, ही गोष्ट पुढे आहाराच्या संदर्भातही महत्त्वाची ठरणार आहे. नंतर १९७० आणि १९८० या दशकांत, विशेषतः अमेरिकेत, तो घरात हौसेने पाळण्याचा प्राणी बनला. शिकारीशी संबंध उरला नाही. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला पिशवीतून काढून वाडग्यात ओतता येईल असे खाद्य हवे होते. आरंभी मांजरांसाठी किंवा मिंकसाठी केलेले आणि पुढे खास फेरेटसाठी म्हणून विकले जाणारे कोरडे दाणेदार खाद्य त्याच्या वाट्याला आले.

दाण्यांचे खाद्य वाईटच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले असतात. ते टिकते, त्याला दुर्गंध नसतो, आणि असंख्य फेरेट त्यावर आयुष्य काढतात. अडचण त्याच्या घडणीतच आहे. दाबयंत्रातून काढलेला दाणा फुगून कडक व्हावा आणि त्याचा आकार टिकावा यासाठी त्यात पिष्ट लागते. मका, तांदूळ, गहू, बटाटा किंवा वाटाणा यांपैकी काहीतरी घातल्याखेरीज दाणा बांधला जात नाही. म्हणजे प्राण्याच्या गरजेमुळे नव्हे, तर यंत्राच्या गरजेमुळे मांसाहारी प्राण्याच्या वाडग्यात धान्य किंवा कडधान्य येते. अलीकडे काही पाळणारे फेरेटला पुन्हा कच्च्या मांसाकडे नेऊ लागले आहेत. त्याचा विचार करताना प्रथम त्या प्राण्याचे शरीर समजून घेतले पाहिजे.

शरीराची घडण

प्रौढ फेरेटला ३४ दात असतात. पुढचे सुळे लांब व तीक्ष्ण, आणि गालाकडचे दात कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकांवरून सरकणारे. गाय किंवा माणूस जसा घास चघळून बारीक करतो तसे करण्यासाठी लागणारे सपाट दात त्याला जवळजवळ नाहीतच. तो कापतो, तोडतो आणि गिळतो. गिळलेले अन्न ज्या आतड्यात उतरते ते लांबीने अगदी थोडे असते. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर अनेक प्राण्यांत उंडुक नावाची जी पिशवी असते, आणि जिच्यात वनस्पतींचे तंतू सूक्ष्मजंतूंच्या मदतीने आंबतात, ती फेरेटला नसते. खाल्लेले अन्न तोंडापासून शरीराबाहेर पडेपर्यंत साधारण तीन ते चार तासच लागतात. एवढ्या वेळात मांसातील प्रथिने आणि चरबी त्याचे शरीर उत्तम रीतीने शोषून घेते. परंतु पिष्टमय पदार्थ फोडणारी एंझाइमे त्याच्या आतड्यात तुटपुंजी असल्याने धान्याचा बराचसा भाग तसाच बाहेर जातो.

या घाईच्या पचनाचा आणखी एक परिणाम आहे. फेरेटला दिवसातून आठ-दहा वेळा थोडे थोडे खावे लागते. तो उपास सोसू शकत नाही. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण आहार बदलताना होणाऱ्या सर्वांत गंभीर चुकीचा उगम हिच्याकडे दुर्लक्ष करण्यात आहे.

वनस्पतिज प्रथिनांचे प्रमाण अधिक असले, तर फेरेटचे मूत्र अल्कधर्मी होते आणि मूत्राशयात मॅग्नेशियम व फॉस्फेट यांचे खडे जमू लागतात. मांसाहाराने ते आम्लधर्मी राहते. हा संबंध बराच पक्का आहे. दुसरा एक संबंध मात्र जेवढ्या ठामपणे सांगितला जातो तेवढा पक्का नाही, आणि तोच कच्च्या मांसाच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद असल्याने त्याची छाननी करणे आवश्यक आहे.

चार वर्षांच्या आसपास पोहोचलेल्या फेरेटमध्ये, विशेषतः अमेरिकेत, स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींच्या गाठी वारंवार आढळतात. या गाठी अवेळी इन्शुलिन सोडतात. रक्तातील साखर घसरते. प्राणी शून्यात पाहत उभा राहतो, तोंडाला पंजे घासतो, मागचे पाय लटपटतात, आणि शेवटी झटके येतात. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात, जेथे फेरेटला ससा, कोंबडी यांचे मांस देण्याची रीत टिकून राहिली, तेथे हा रोग कमी नोंदला गेला आहे. यावरून पिष्टमय आहाराने स्वादुपिंडावर ताण येतो आणि त्यातून गाठी होतात, असा निष्कर्ष काढला जातो. तो संभाव्य आहे. सिद्ध मात्र नाही. अमेरिकेतील पाळीव फेरेट मोजक्या मोठ्या पैदास-केंद्रांतून येतात, त्यांचे वंश जवळचे असतात, आणि त्यांची नसबंदी फार लहान वयात केली जाते. शिवाय तेथे फेरेटवर वैद्यकीय तपासण्या अधिक होत असल्याने रोग अधिक सापडत असणेही शक्य आहे. तेव्हा मांस सुरू केले म्हणजे फेरेट या रोगापासून कायमचा सुरक्षित झाला, असे आश्वासन कोणी देत असेल तर ते पुराव्यापलीकडचे आहे. मांस हे त्याच्या शरीराला अनुरूप अन्न आहे, एवढे कारण पुरेसे मानावे.

नाकाने ठरवलेले अन्न

आता खरा पेच येतो. मांसभक्षक प्राण्यापुढे मांस ठेवले की तो त्यावर तुटून पडेल, अशी कोणाचीही अपेक्षा असते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे दाण्यांवर वाढलेल्या फेरेटपुढे ताज्या कोंबडीचा तुकडा ठेवला, तर तो एकदा हुंगतो, पंजाने त्यावर माती ओढल्यासारखे करतो आणि निघून जातो. मालक चकित होतो. कित्येकदा ‘आमच्या फेरेटला मांस आवडत नाही’ असे म्हणून प्रयत्न सोडून देतो. येथे आवडीचा प्रश्नच नसतो. त्या प्राण्याच्या लेखी समोरची वस्तू अन्नच नसते.

या वर्तनाचा उलगडा जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे राइमुंड आप्फेलबाख यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांनी झाला. पिल्लांना वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या भक्ष्यांचा वास आणि चव देऊन पुढे ती काय निवडतात हे त्यांनी पाहिले. आयुष्याच्या तिसऱ्या महिन्यात, म्हणजे सुमारे ६० ते ९० दिवसांच्या वयात, पिल्लाच्या मेंदूवर अन्नाच्या वासाचा ठसा उमटतो असे त्यांना आढळले. त्या काळात जे हुंगले आणि खाल्ले ते पुढे अन्न म्हणून ओळखले जाते. जे त्या काळात भेटले नाही, त्याचा वास नंतर कितीही तीव्र असला तरी तो प्राण्याला शोधायला प्रवृत्त करीत नाही. पाखराच्या पिल्लाने डोळे उघडताच समोर जे हलते त्याला आई मानावे, तशातलाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे ठसा डोळ्यांतून नव्हे, नाकातून उमटतो.

प्रयोगशाळेबाहेरही याच्याशी मिळतीजुळती गोष्ट अनुभवास आली आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात काळपाया फेरेट नावाची एक स्वतंत्र रानटी जाती आहे. ती नामशेष झाली असे मानले जात असतानाच १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मीटीत्सीजवळ तिचा एक लहानसा समूह सापडला. रोगराईने तोही संपत चालल्याने १९८७ पर्यंत उरलेले सर्व प्राणी पकडून बंदिवासात आणण्यात आले. ते अवघे १८ होते. त्यांची संतती १९९१ पासून पुन्हा रानात सोडली जाऊ लागली. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांपेक्षा ज्यांना बाहेरच्या कुंपणात, त्यांचे नैसर्गिक भक्ष्य असलेल्या प्रेअरी डॉग या बिळे करून राहणाऱ्या प्राण्याच्या सहवासात वाढवले होते, ती रानात अधिक संख्येने तगली, असे तेथे दिसून आले. भक्ष्य पकडण्याची आणि बिळाचा आसरा घेण्याची सवय त्यांना लवकर लागली होती, हे त्यामागचे कारण.

पाळीव फेरेटच्या बाबतीत या ज्ञानाचा अर्थ असा, की प्रौढ प्राण्याचा आहार बदलणे म्हणजे त्याच्या पोटाची समजूत घालणे नव्हे, तर नाकाला नवा पाठ देणे होय. आरंभीचा ठसा पुसला जात नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा उमटवता येतो. त्यासाठी दिवस नव्हे, आठवडे आणि कधी कधी महिने लागतात. एक वर्षाखालचा प्राणी चार-सहा दिवसांत वळतो, तर पाच वर्षांचा तीन महिने दाद देत नाही.

बदल कसा घडवावा

‘भूक लागली की खाईल’ हा विचार मनातून प्रथम काढून टाकला पाहिजे. कुत्र्याच्या बाबतीत तो बहुधा चालून जातो. फेरेट मात्र ओळखत नसलेल्या अन्नापुढे उपाशी बसून राहतो, आणि काही तासांतच त्याची साखर घसरू लागते. वर सांगितलेल्या स्वादुपिंडाच्या गाठी त्याला आधीच असल्या, आणि आरंभी त्या कोणाच्या लक्षातही आलेल्या नसतात, तर असा उपास जिवावर बेतू शकतो. म्हणून बदलाच्या काळात, एखाद्या तासाची भूक प्रयत्नाला साहाय्यक ठरत असली तरी, तीन-चार तासांहून अधिक काळ तो अन्नावाचून राहू नये. तीन वर्षांवरच्या प्राण्याची, आहाराला हात लावण्यापूर्वी, पशुवैद्याकडून रक्तातील साखर तपासून घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

अनुभवी पाळणाऱ्यांची रीत बहुधा अशी असते. नेहमीचे दाणे कोमट पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करावा. फेरेट तो खाऊ लागला, की त्यात कच्च्या कोंबडीचा अगदी बारीक केलेला खिमा, आरंभी चमच्याच्या टोकाएवढा, नीट मिसळावा. वास ओळखीचा असतो, पोत किंचित निराळा. बहुतेक प्राणी एवढा फरक खपवून घेतात. मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने खिमा वाढवत न्यावा आणि दाणे कमी करावे. मध्येच कधी त्याने तोंड फिरवले, तर एक पायरी मागे यावे. हट्टाला पेटण्यात काही लाभ नाही. अन्न शरीराच्या उष्णतेइतके कोमट असले तर त्याचा वास अधिक सुटतो. शीतकपाटातून काढलेला गार तुकडा भुकेलेल्या फेरेटलाही रुचत नाही.

जो प्राणी लगद्यालाही तोंड लावत नाही, त्याला मांडीवर घेऊन बोटाने थोडासा लगदा ओठाच्या कडेला लावला जातो. तो चाटून काढतो, आणि चव जिभेवर गेली की नाकाचा विरोध थोडा मावळतो. हे दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटेच करायचे असते. तोंड उघडून बळेच अन्न कोंबले, तर प्राणी त्या वासाचीच धास्ती घेतो आणि आठवड्याचे काम वाया जाते.

खिमा स्वीकारल्यावर पुढचा टप्पा तुकड्यांचा. येथे सवयीचा अभाव दुसऱ्या रूपाने पुढे येतो : आयुष्यभर दाणे फोडणाऱ्या प्राण्याला मांस कापण्याची युक्तीच अवगत नसते. तो तुकडा चोखतो आणि टाकून देतो. हाडे अगदीच शेवटी, आणि ती कोंबडीच्या पंखाच्या टोकाची किंवा लहान पाखराच्या बरगडीची, मऊ असावीत. शिजवलेले हाड मात्र कधीच देऊ नये. शिजल्याने ते ठिसूळ होते आणि त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या आतड्यात रुततात.

या सर्व काळात वजनकाटा हाताशी हवा. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वेळी वजन करून ते लिहून ठेवावे. परंतु आकडे वाचताना ऋतूचे भान असावे, कारण फेरेट हिवाळ्याच्या तोंडाशी चरबी साठवतो आणि वसंतात ती उतरवतो. निरोगी प्राण्याच्या वजनातही त्यामुळे वर्षभरात तीस-चाळीस टक्क्यांचा चढउतार होऊ शकतो. मार्चमध्ये आहार बदलला आणि वजन उतरले, तर दोष मांसाचा की दिवसमानाचा हे ठरवणे अवघड जाते. सोपी साक्ष विष्ठा देते. मांस अंगवळणी पडले की तिचे प्रमाण व दुर्गंध दोन्ही कमी होतात. ती हिरवी व बुळबुळीत झाली, तर अन्न न पचता वेगाने पुढे जात आहे असे समजावे. डांबरासारखी काळी झाली, तर जठरात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. अशा वेळी वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे.

केवळ मांस पुरेसे नसते

रानातला पोलकॅट मांस खात नाही, प्राणी खातो. हा भेद शाब्दिक नाही. उंदीर किंवा बेडूक अख्खा खाल्ला जातो तेव्हा स्नायूंबरोबर हाडे, यकृत, हृदय, रक्त आणि त्वचा हेही पोटात जातात. खाटकाकडून आणलेल्या निर्हाड मांसात फॉस्फरस विपुल आणि कॅल्शियम नगण्य असते. केवळ त्यावर वाढवलेल्या पिल्लांची हाडे मऊ पडून वाकतात, मागचे पाय फरफटू लागतात. दुधा-पावाच्या टोकावरून केवळ मांसाच्या टोकावर गेलेल्या कित्येक हौशी लोकांनी हे दृश्य पाहिले आहे. म्हणून स्नायूंचे मांस सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश, खाता येण्याजोगे हाड दहा ते पंधरा टक्के आणि उरलेला भाग यकृत व इतर अवयवांचा, असा ढोबळ हिशेब पाळणारे ठेवतात. यकृत अधिक झाले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, म्हणून ते पाच टक्क्यांच्या आसपास असावे. हृदयाचे मांस आवर्जून द्यावे. त्यात टॉरिन हे द्रव्य भरपूर असते आणि डोळे व हृदय यांच्या आरोग्याशी त्याचा संबंध आहे. साधारण एक किलो वजनाच्या प्रौढ प्राण्याला असे मिश्रण दिवसाकाठी ५० ते १०० ग्रॅम पुरते.

याहून सोपा मार्ग अख्ख्या भक्ष्याचा आहे. ब्रिटन आणि युरोपात गोठवलेले उंदीर, लावे, ससे आणि एक दिवसाची कोंबडीची पिल्ले विकत मिळतात. शेवटची वस्तू स्वस्त असल्याने लोक तिच्यावरच भिस्त ठेवतात; परंतु एक दिवसाच्या पिल्लाची हाडे पुरती भरलेली नसतात, त्यामुळे केवळ त्यांवर फेरेट पोसणे योग्य नाही.

फर-पालनाच्या व्यवसायाने या बाबतीत काही महागडे धडे दिले आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या व्यावसायिकाकडील रुपेरी कोल्ह्यांना कच्चे मासे खाऊ घातल्यावर पक्षाघात होऊ लागला. काही माशांच्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे एंझाइम असते हे त्यातून कळले, आणि त्या रोगाला चॅस्टेकचेच नाव पडले. तेलकट मासे अतिरिक्त दिल्यास ई जीवनसत्त्वाच्या अभावी अंगातील चरबी पिवळी पडून सुजते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग सतत दिला तर बायोटिन बांधले जाऊन केस गळतात. बलक मात्र चालतो. भांड्याचाही विचार करावा लागतो : न्यूझीलंडमधील फेरेट-पालनकेंद्रांत जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांतून खाद्य दिल्याने प्राण्यांना जस्ताची विषबाधा झाल्याची नोंद आहे. चिनी मातीचे किंवा पोलादी भांडे हे त्यावरचे साधे उत्तर.

जंतूंचा प्रश्न

कच्च्या मांसावरील सर्वांत वजनदार आक्षेप पोषणाचा नाही, संसर्गाचा आहे. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या मध्यवर्ती संघटनेने २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चे प्राणिज अन्न देऊ नये असा अभिप्राय जाहीर केला. साल्मोनेला व लिस्टेरिया हे जंतू कच्च्या मांसात असू शकतात. निरोगी फेरेटला त्यांचा फारसा त्रास झाला नाही, तरी त्याच्या विष्ठेतून, तोंडातून आणि ओट्यावरच्या सुरीतून ते घरातील माणसांपर्यंत पोहोचतात. तान्हे मूल, गर्भवती स्त्री किंवा दुर्धर आजाराचा रुग्ण घरात असेल, तर हा धोका केवळ प्राण्यापुरता राहत नाही. ब्रिटनमध्ये २०१८-१९ च्या सुमारास अनेक मांजरांना गोवंशीय क्षयरोग झाला, आणि कच्च्या हरिणमांसापासून बनवलेल्या एका खाद्याकडे संशयाचा रोख वळला. या क्षयाला फेरेटही बळी पडतो.

येथे १९३३ चा तो प्रयोग पुन्हा आठवतो. ज्या प्राण्याच्या श्वसनमार्गाने फ्लूच्या विषाणूंना एवढी सहज वाट दिली, तो पक्ष्यांच्या फ्लूलाही सहज वश होतो. २०२३ मध्ये पोलंडमध्ये पक्षी-फ्लूने अनेक मांजरे दगावली तेव्हा कच्च्या कोंबडीवर संशय घेतला गेला. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ओरेगन राज्यात एक घरगुती मांजर मेले. त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या टर्की-खाद्यात तोच एच५एन१ विषाणू आढळला. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उलट टिकतो. उष्णतेने तो नष्ट होतो. म्हणून पक्षी-फ्लूची साथ चालू असलेल्या प्रदेशात कोंबडी, टर्की व बदक यांचे कच्चे मांस बंद करून ससा किंवा मेंढा वापरणे, अथवा निर्हाड मांस पूर्ण शिजवून त्यात कॅल्शियमची पूड मिसळणे हेच इष्ट. ‘नैसर्गिक आहार’ या शब्दाचा मोह पडून शिजवलेल्या मांसाला कमी लेखणारे लोक पुष्कळ आढळतात. फेरेटच्या आतड्याला मांस हवे असते, ते कच्चेच असावे असा त्याचा आग्रह नसतो.

वाडग्यातले मांस तासा-दोन तासांत उचलून टाकावे हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, कारण फेरेट ते आधीच पळवून नेतो. उरलेले अन्न दडवून ठेवणे हा त्याचा वडिलोपार्जित स्वभाव. कोरडा दाणा सोफ्याखाली महिनाभर पडला तरी बिघडत नाही. मांसाचा तुकडा दुसऱ्याच दिवशी सडू लागतो, आणि सडक्या मांसातील बॉट्युलिझमचे विष फेरेटला घातक ठरू शकते. अनुभवी लोक त्याला लहान पिंजऱ्यात किंवा रिकाम्या न्हाणीघरात जेवू घालतात आणि मोकळा सोडण्यापूर्वी अंथरूण झटकून पाहतात. त्याचे दोन-तीन ठरलेले चोरकप्पे एकदा सापडले, की पुढचे काम हलके होते.

काही प्राणी अखेरपर्यंत वळत नाहीत. सात वर्षांच्या, गाठींनी पोखरलेल्या फेरेटला महिनोन् महिने छळण्यात अर्थ नसतो. त्याला मांसाचे प्रमाण अधिक आणि वाटाणा-मसूर कमी असलेले दाणे द्यावेत, ते भिजवून द्यावेत, आणि त्याने खिम्याची दोन बोटे चाटली तर तेवढ्यावर समाधान मानावे. युरोपातील काही पैदासकार ही सारी यातायात मुळातच टाळतात. आईच्या दुधाबरोबर पिल्ले घन अन्नाला तोंड लावू लागली, की कोंबडी, ससा, लावा, मेंढ्याचे हृदय आणि भिजवलेले दाणे हे सारे ते आळीपाळीने त्यांच्या पुढ्यात ठेवतात आणि तिसरा महिना सरेपर्यंत त्यात खंड पडू देत नाहीत. अशी पिल्ले नव्या घरी जातात तेव्हा वाडग्यात यांपैकी काहीही असले, तरी हुंगतात आणि खाऊ लागतात.